बेटावरचा ताप आणि आपल्या पिंपातलं पाणी

आजच्या भागात आपण हिंदी महासागरातल्या बेटांवर जाणार आहोत. पण सुरुवात आमच्या घरातल्या एका निळ्या पिंपापासून करतो.

२००६ सालची गोष्ट. आम्ही हैदराबादला राहत होतो, मी कॉलेजात होतो. आमच्या भागात नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. त्यामुळे मोरीत दोन पिंपं, गच्चीवर एक मोठा ड्रम, शिवाय बादल्या आणि घागरी. तुमच्यापैकी अनेकांना हे चित्र ओळखीचं वाटेल. एका सकाळी आई उठली आणि तिला पाय जमिनीवर टेकवेना. अंगात सणसणून ताप, घोटे आणि मनगटं सुजलेली. दोन दिवसांनी ताप उतरला, पण दुखणं गेलं नाही. कुकरचं झाकण लावायला तिला बाबांना हाक मारावी लागायची. आठवड्याभरात बाबा पडले, मग मी. मी पंधरा दिवसांत बरा झालो. आईची बोटं मात्र पुढे जवळजवळ वर्षभर सकाळी आखडलेली असायची.

माझी आत्या बार्शीची. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, हे तर आमच्याकडे त्र्याहत्तर साली येऊन गेलंय. माझ्या सासूबाई तेव्हा महिनाभर भिंत धरून चालत होत्या." मला वाटलं, आत्या काहीतरी दुसरंच सांगतेय. पण आत्याचं बरोबर होतं. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती आणि गावातल्या तीनातल्या एकाहून जास्त लोकांना ती झाली होती. त्याआधी १९६३ मध्ये कोलकात्यात आणि १९६४ मध्ये मद्रासमध्ये साथी आल्या. बार्शीनंतर मात्र हा आजार आपल्या देशातून जवळजवळ दिसेनासा झाला. तीस-बत्तीस वर्षं गेली. एक आख्खी पिढी, म्हणजे माझी पिढी, हे नाव न ऐकता मोठी झाली. आणि मग २००५-०६ मध्ये तो परत आला. एकट्या २००६ मध्ये देशात सुमारे १३.९ लाख संशयित रुग्ण नोंदवले गेले.

तो परत आला कुठून? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आपल्याला एका छोट्या बेटावर जावं लागतं.

लामू: पाऊस पडला नाही आणि साथ आली

केनियाच्या किनाऱ्याजवळ लामू नावाचं बेट आहे. अरुंद गल्ल्या, जुनी दगडी घरं, आणि सामान वाहायला गाढवं. २००४ मध्ये तिथे चिकुनगुनियाची साथ आली. नंतर रक्ताच्या तपासण्यांवरून अंदाज काढला गेला, तेव्हा लक्षात आलं की बेटावरच्या सुमारे ७५ टक्के लोकांना, म्हणजे साधारण साडेतेरा हजार माणसांना, लागण झाली होती. चारातल्या तिघांना!

गंमत म्हणजे त्या वर्षी तिथे पाऊस जास्त झाला नव्हता, उलट दुष्काळ होता. आपण नेहमी म्हणतो, पावसाळा आला की डास वाढतात. मग दुष्काळात साथ कशी आली?

कारण डास सगळे एकसारखे नसतात. चिकुनगुनिया, डेंग्यू आणि झिका पसरवणारा डास म्हणजे एडीस. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. याला तळं नको, गटार नको. त्याला लागतं घरातलं स्वच्छ, साठलेलं पाणी. दुष्काळ पडला की माणसं काय करतात? मिळेल त्या भांड्यात पाणी साठवतात. पाणी कमी, म्हणून भांडी घासून कोरडी करणंही होत नाही. म्हणजे टंचाईमुळेच एडीसला घर मिळतं.

मी जेव्हा हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला आमची मोरी आठवली. लामूच्या बाईने आणि माझ्या आईने एकच काम केलं होतं, नळ गेला तर मुलांना पाणी मिळावं म्हणून पिंप भरून ठेवलं होतं. यात बेजबाबदारपणा नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपण याच्याकडे परत येऊ.

बेटावर साथ भडकते का?

लामूनंतर विषाणू कोमोरोस बेटांवर पोचला. २००५ च्या सुरुवातीला तिथल्या सर्वांत मोठ्या बेटावर साठ टक्क्यांहून जास्त लोकांना लागण झाली. तिथून मायोत, रियुनियन, मॉरिशस, सेशेल्स.

आता थोडं गणित करू, सोपं आहे. समजा एका गावात शंभर माणसं आहेत आणि त्यातल्या साठ जणांना हा आजार पूर्वी होऊन गेलाय. चिकुनगुनिया एकदा झाला की सहसा परत होत नाही, शरीर त्याला ओळखतं. मग डास रुग्णाला चावून जेव्हा पुढच्या माणसांकडे जातो, तेव्हा दहापैकी सहा वेळा त्याची फेरी फुकट जाते. साथ रखडते.

बेटावर उलटं असतं. लोकसंख्या कमी, त्यामुळे असा विषाणू तिथे सहसा कायमचा टिकत नाही. सगळ्यांना होऊन गेला की त्याला नवीन माणूस मिळत नाही आणि तो संपतो. पुढची वीस-तीस वर्षं तो येतच नाही. जुने लोक जातात, नवी मुलं जन्मतात, आणि एक दिवस बेटावर जवळजवळ कुणालाच त्याची ओळख राहिलेली नसते. त्या दिवशी बोटीतून किंवा विमानातून एक तापाचा माणूस उतरतो. डासाची एकही फेरी आता फुकट जात नाही.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे प्रशांत महासागरातलं याप. लोकसंख्या सुमारे ७,४००. २००७ मध्ये तिथल्या डॉक्टरांना पुरळ, लाल डोळे आणि सांधेदुखी असलेले रुग्ण दिसू लागले. आधी वाटलं डेंग्यू. पण लक्षणं पूर्ण जुळेनात, म्हणून त्यांनी नमुने अमेरिकेच्या रोगनियंत्रण प्रयोगशाळेत पाठवले. उत्तर आलं, झिका. १९४७ मध्ये युगांडाच्या झिका जंगलात सापडलेला हा विषाणू आफ्रिका आणि आशियाच्या बाहेर पहिल्यांदाच दिसत होता. काही महिन्यांत तीन वर्षांवरच्या सुमारे ७३ टक्के लोकांना लागण होऊन गेली. कुणी दगावलं नाही. जगाने म्हटलं, सौम्य आजार आहे.

पुढे २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात तीच साथ आली आणि तिथे काही रुग्णांना हातापायातली शक्ती जाणारा गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा आजार झाला. २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये लहान डोक्याची बाळं जन्मू लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. म्हणजे यापने आठ वर्षं आधी घंटा वाजवली होती. बेट छोटं होतं, गंभीर पण क्वचित होणारा परिणाम साडेसात हजारांत दिसलाच नाही. तो दिसायला मोठी लोकसंख्या लागली. आणि हो, २०२१ च्या जुलैत हाच झिका पुण्याजवळ पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात आढळला होता. दूरचं बेट फार दूर नसतं.

रियुनियन: जिथे सगळं होतं, तिथेही

आता तुम्ही म्हणाल, लामू आणि याप गरीब किंवा दूरच्या जागा आहेत, तिथे सोयी नसतील. मग रियुनियन बघा. हे बेट म्हणजे फ्रान्सचाच एक भाग. चांगले रस्ते, आधुनिक इस्पितळं, नळाला रोज पाणी. लोकसंख्या तेव्हा पावणेआठ लाखांच्या आसपास.

२००५ च्या सुरुवातीला कोमोरोसहून आलेल्या प्रवाशांबरोबर विषाणू आला. मे महिन्यात आठवड्याला साडेचारशेच्या आसपास रुग्ण होते. मग तिथला हिवाळा आला, आकडे खाली गेले. सगळ्यांना हायसं वाटलं. लक्षात घ्या, साथ संपली नव्हती, फक्त मंदावली होती. डिसेंबरात उन्हाळा आणि पाऊस आला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये एका आठवड्यात चाळीस हजारांहून जास्त लोक आजारी पडले. एका आठवड्यात! साथ संपेपर्यंत आकडा २ लाख ६६ हजारांच्या आसपास गेला, म्हणजे तीनातला एक माणूस. दोनशेहून अधिक मृत्यूंच्या दाखल्यांवर चिकुनगुनियाचं नाव होतं. बाळंतपणाच्या वेळी आईकडून बाळाला लागण होते, हेही जगाला तिथेच नीट समजलं. तोपर्यंत पुस्तकात लिहिलेलं असायचं की हा आजार जीवघेणा नाही.

असं का झालं, याचं एक कारण विषाणूत सापडलं. रियुनियनवर चिकुनगुनियाचा नेहमीचा वाहक, एडीस इजिप्ती, फारसा नाही. तिथे आहे त्याचा भाऊ, एडीस अल्बोपिक्टस, ज्याला टायगर डास म्हणतात. हा बागेत, झाडीत, करवंटीत, झाडाच्या ढोलीत वाढतो. पूर्वीच्या विषाणूला या डासाच्या शरीरात नीट वाढता येत नव्हतं. पण साथ चालू असताना विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या एका प्रथिनात, २२६ व्या जागी, एक कण बदलला. अॅलनीन होतं तिथे व्हॅलीन आलं. शेकडो मण्यांच्या माळेत एक मणी बदलावा, इतकाच बदल. पण त्यामुळे विषाणू टायगर डासात कितीतरी सहज वाढू लागला.

आणि आपल्याकडे? जनुकीय अभ्यास असं सांगतात की पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून या घराण्याच्या दोन फांद्या निघाल्या, एक बेटांकडे गेली आणि एक भारताकडे आली. २००६ ला आमच्या घरात आलेल्या फांदीत हा बदल नव्हता, तिला आमच्या पिंपातला एडीस इजिप्ती पुरेसा होता. पण २००७ मध्ये केरळात, जिथे रबराच्या मळ्यांत टायगर डास भरपूर, तिथल्या विषाणूत तोच बदल, त्याच जागी दिसला. स्वतंत्रपणे! परीक्षेत एकमेकांपासून लांब बसलेल्या दोन मुलांनी एकच उत्तर लिहावं, तसं. त्याच वर्षी केरळहून गेलेल्या एका प्रवाशामुळे इटलीतल्या छोट्या गावांत आणि आसपास दोनशेहून जास्त लोकांना चिकुनगुनिया झाला. तिथेही टायगर डास आधीच जाऊन बसला होता.

हा डास तिथे पोचला कसा? तो स्वतः फार तर काहीशे मीटर उडतो. पण त्याची अंडी कोरड्या जागी महिनोन्महिने तग धरतात. जुन्या टायरांत चिकटून ती जहाजातून जग फिरतात. १९८५ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला हा डास पक्का बसल्याचं दिसलं, आणि जपानसारख्या देशांतून येणारे जुने टायर हा त्याचा मार्ग मानला जातो.

लक्षद्वीप: उंदरांनी कुरतडलेले नारळ

आपल्या देशाची बेटंही यातून सुटली नाहीत. २००६ मध्ये अंदमानात आणि लक्षद्वीपमध्ये चिकुनगुनिया पोचला. लक्षद्वीप म्हणजे ३६ बेटं, त्यातल्या दहावर वस्ती, सगळी मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ६४ हजार. नदी नाही, ओढा नाही. वाळूखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, आणि पावसाचं साठवलेलं पाणी. सगळीकडे नारळ.

तिथे साथीच्या वेळी तपासणी झाली तेव्हा टायगर डासाच्या अळ्या कुठे सापडल्या, ऐका. करवंट्यांत, प्लास्टिकच्या डब्यांत, घराबाहेरच्या दगडी रगड्यांत, आणि उंदरांनी कुरतडून टाकलेल्या नारळांत. उंदीर झाडावर चढतो, नारळाला भोक पाडतो, नारळ खाली पडतो, त्यात पाऊस साठतो. आता अशा ठिकाणी शहरासारखी धुराची गाडी फिरवून काय होणार? धूर उडत्या डासाला मारतो, नारळाच्या आतल्या अळीला नाही. शिवाय बेटावर औषध फवारायचं तर तेच पाणी खालच्या विहिरीत उतरतं. म्हणून तिथे उपाय करायचा तर तो उंदरांपासून आणि करवंट्या उचलण्यापासून सुरू होतो. स्थानिक माणसालाच माहीत असतं की आपल्याकडे पाणी कुठे कुठे साठतं. दिल्लीहून आलेल्या पत्रकात नारळाचा उल्लेख नसतो.

मॉरिशस: दोनदा जिंकलेली लढाई

हे सगळं ऐकून वाटेल, बेटांच्या नशिबी हरणंच आहे. तसं नाही. बेटाला एक मोठा फायदाही असतो, त्याचे दरवाजे मोजता येतात.

मॉरिशसमध्ये आजही मराठी समाज आहे. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून उसाच्या मळ्यांवर करारावर गेले. १८६६-६७ मध्ये त्या बेटावर मलेरियाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसं मेली. त्यात मळ्यांवरचे भारतीय मजूर होते. मलेरियाचा डास, अॅनोफिलिस, वेगळा. तो रात्री चावतो. डासातून मलेरिया पसरतो हे भारतात शोधून काढणारे रोनाल्ड रॉस पुढे मॉरिशसलाही गेले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घराघरात डीडीटी फवारलं गेलं, रुग्ण शोधून उपचार केले गेले, आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस मलेरियामुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, मोठं चक्रीवादळ आलं. दुरुस्तीच्या कामासाठी बाहेरून मजूर आले, आणि मलेरिया परतला. दुसऱ्यांदा तो घालवायला १९९८ साल उजाडलं. तेव्हापासून तिथे एक काम न थकता चालू आहे. मलेरियाच्या देशातून आलेल्या प्रवाशाची विमानतळावर नोंद होते, मग आरोग्य कर्मचारी त्याच्या पत्त्यावर जाऊन चौकशी करतो, रक्त तपासतो. रुग्ण नसतानाही. माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच, काही दिसत नसताना दार राखत बसणं.

आणि दार राखणं थांबलं की काय होतं, हेही बेटच सांगतं. रियुनियनवर वीस वर्षांनी, २०२५ मध्ये, चिकुनगुनिया परत आला आणि पन्नास हजारांहून अधिक रुग्णांची तपासणीत खात्री झाली. २००६ नंतर जन्मलेली मुलं आता अठरा-एकोणीस वर्षांपर्यंतची झाली होती. त्यांना हा विषाणू नवीन होता. आता लस आहे, पण तिथे वयस्कर लोकांमध्ये गंभीर दुष्परिणाम दिसल्यावर ६५ वर्षांवरच्यांसाठी ती थांबवावी लागली. त्यामुळे आजही पहिला बचाव म्हणजे साठलेलं पाणी.

मग आपण काय करायचं?

तीन गोष्टी सांगतो, तिन्ही आजच्या चर्चेतूनच निघतात.

पहिली, आठवड्यातून एक कोरडा दिवस. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. दर आठवड्याला भांडं रिकामं केलंत, तर अळी डास होण्याआधीच संपते. पण नुसतं पाणी ओतू नका, आतली कड घासा. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरड्यात जगतात. पिंप रिकामं करणं परवडत नसेल तर त्याला फडक्याने घट्ट बांधा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा.

दुसरी, रुग्णाला दिवसा मच्छरदाणीत झोपवा. आपण रात्री मच्छरदाणी लावतो, पण एडीस दिवसा चावतो. पहिला आठवडा रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो, त्याच दिवसांत घरातला डास तो उचलतो आणि तुमच्याकडे आणतो. आमच्या घरात नेमकं हेच झालं.

तिसरी गोष्ट आपल्या नगरसेवकाला किंवा सरपंचाला विचारण्याची. पाणी रोज का येत नाही? पाणी नियमित आलं तर कुणालाही पिंप भरून ठेवायची हौस नसते. डासांचा प्रश्न आपण आरोग्य खात्याचा समजतो. अर्धा प्रश्न पाणीपुरवठ्याचा असतो.

शेवटी त्या निळ्या पिंपाचं सांगतो. मी बरा होत असताना एक आरोग्य सेविका आमच्याकडे आल्या. त्यांनी बॅटरीचा उजेड पिंपात टाकला आणि मला बोलावलं. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. दर रविवारी ती पिंपं घासायचं काम घरात माझ्याकडे होतं. परीक्षा आहे, म्हणून मी दीड महिना टाळलं होतं. आईला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आता घास." ती सोफ्यावर बसली होती, बोटं गरम पाण्यात बुडवून. तिला डास त्याच पिंपातला चावला की शेजारच्या, हे कुणीच सांगू शकणार नाही. पण त्या दिवसानंतर आमच्या घरातला रविवार चुकला नाही.

तुमच्या घरात, गच्चीवर, कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत पाणी कुठे साठतं, ते आज हे वाचून झालं की एकदा फिरून बघा. आणि घरातल्या वयस्कर माणसांना विचारा, त्यांच्या लहानपणी असा ताप आला होता का. बार्शीच्या आत्यासारखं कुणीतरी तुमच्याकडेही असेल, आणि तिला पुस्तकांआधी माहीत असेल.

पुढच्या भागात भेटू.